ऑपरेटिंग सिस्टिम नव्या एसएसडीवर नेताना

संगणक सुरू केल्यावर तो वापरण्याजोगा होईपर्यंत दोन-तीन मिनिटे ताटकळावे लागत असेल, तर बहुतेक वेळा त्याला कारण असते ती आतली फिरती हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीला एक फेरा पूर्ण करण्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो, आणि ते टोक योग्य जागी सरकेपर्यंत आणखी काही मिलिसेकंद. विंडोज किंवा लिनक्स सुरू होताना डिस्कच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेल्या हजारो लहान फाईली वाचल्या जातात आणि प्रत्येक फाईलमागे हा विलंब नव्याने सोसावा लागतो. एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात हलणारा भागच नसल्यामुळे तोच शोध साधारण मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात संपतो. म्हणून सुस्थितीतल्या जुन्या संगणकावर एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी एसएसडी बसवणे सोपे असते. अवघड वाटते ते जुन्या डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यातले प्रोग्राम आणि वर्षानुवर्षे जुळवलेली मांडणी जशीच्या तशी तिच्यावर नेणे. या कामाला आपण ‘हलवणे’ म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात जुन्या डिस्कवरून काहीच हलत नाही. तिची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, नव्या डिस्कवर तयार होते आणि जुनी डिस्क होती तशीच राहते. सर्व काही व्यवस्थित झाल्याची खात्री पटेपर्यंत जुन्या डिस्कला अजिबात धक्का लावायचा नाही, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे आणि पुढची बहुतेक खबरदारी त्यातूनच निघते.

सी ड्राइव्हवरचे सगळे निवडून नव्या ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केले तर चालणार नाही का, असा प्रश्न अनेकांना पडतो. तसे चालत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम चालू असताना तिच्या अनेक फाईली कुलूपबंद असतात; फाईलींवरचे परवान्यांचे तपशील आणि फाईलींमधले अंतर्गत दुवे साध्या कॉपीत टिकत नाहीत; आणि संगणक सुरू करणारा भाग तर सी ड्राइव्हच्या बाहेर, डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र विभागात, असतो. आजच्या संगणकांत विंडोजच्या डिस्कवर सहसा चार पार्टिशन आढळतात: संगणक सुरू करणारे, फॅट३२ प्रकारचे छोटे ईएफआय पार्टिशन, मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेले १६ एमबीचे पार्टिशन, मुख्य सी ड्राइव्ह आणि दुरुस्तीसाठीचे रिकव्हरी पार्टिशन. क्लोन करताना ही सारी पार्टिशन नव्या डिस्कवर गेली पाहिजेत.

क्लोन की नवी मांडणी

क्लोन करणे हाच प्रत्येक वेळी उत्तम मार्ग असतो असे नाही. संगणकात व्हायरस शिरल्याची शंका असेल, विंडोज वारंवार निळा पडदा दाखवून बंद पडत असेल किंवा ३२ बिटवरून ६४ बिटवर जायचे असेल, तर नव्या एसएसडीवर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकणेच योग्य, कारण क्लोनमध्ये जुने दोषही तितक्याच इमानाने उतरतात. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असल्याने त्याच संगणकात फक्त डिस्क बदलून तीच आवृत्ती पुन्हा टाकली, तर इंटरनेटशी जोडल्यावर ती सहसा आपोआप सक्रिय होते. मात्र संगणक नीट चालत असेल आणि परवाना-किल्ली हरवलेले प्रोग्राम किंवा मोठ्या कष्टाने जुळवलेली सेटिंग्ज त्यात असतील, तर क्लोनच निवडावा. पुढचे विवेचन त्याच मार्गाचे आहे.

एसएसडी निवडताना

तुमच्या संगणकात कोणती एसएसडी बसेल हे विकत घेण्यापूर्वी नक्की करावे, कारण येथे दिसण्यावरून फसगत होते. २.५ इंची साटा (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडी लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसते. तिची जाडी साधारण ७ मिलिमीटर असते आणि वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीच्या पुढे जात नाही, कारण साटाच्या तिसऱ्या पिढीची मर्यादाच सेकंदाला ६ गिगाबिट आहे. एम.२ प्रकारची एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते, पण त्या आकारात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत: एक साटा आणि दुसरी एनव्हीएमई. एनव्हीएमई पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरच्या अधिक वेगवान मार्गाने बोलते. तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांवर ती सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत आणि चौथ्या पिढीवर ७००० एमबीपर्यंत वाचू शकते. कडेच्या खाचांवरून जातीचा अंदाज येतो, खात्री होत नाही. म्हणून मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत तो स्लॉट साटा स्वीकारतो, एनव्हीएमई स्वीकारतो की दोन्ही, हे वाचूनच घ्यावे. लांबीही तिथेच पाहावी. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, तर काही लहान लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते. आणखी दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट वापरला की साटाचे एखाद-दुसरे पोर्ट बंद होते. आणि बऱ्याच जुन्या मदरबोर्डना एनव्हीएमई डिस्क दिसली तरी तिच्यावरून संगणक सुरू करता येत नाही.

रोजच्या वापरात साटा आणि एनव्हीएमई यांच्यातला फरक आकड्यांत दिसतो तेवढा जाणवत नाही. हार्ड डिस्ककडून साटा एसएसडीकडे जाताना होणारा बदल प्रचंड असतो, त्यापुढचा बदल मोठ्या व्हिडिओ फाईली हाताळणाऱ्यालाच खऱ्या अर्थाने कळतो. त्यामुळे जुन्या लॅपटॉपमध्ये केवळ साटाची सोय असेल तर हिरमुसून जाण्याचे कारण नाही.

क्षमतेबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा. ५१२ जीबी आणि ५०० जीबी हे आकडे बोलताना सारखेच वाटतात, पण ५१२ जीबीच्या डिस्कची पूर्ण नक्कल ५०० जीबीच्या डिस्कवर थेट मावत नाही आणि अनेक क्लोनिंग सॉफ्टवेअर तिथेच नकार देतात. विंडोज ५०० जीबीची डिस्क ४६५ जीबी दाखवते आणि १ टीबीची ९३१ जीबी. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढेच त्याचे कारण आहे. शक्य असेल तर नवी एसएसडी जुन्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठीच घ्यावी. ती लहान घेणे भागच असेल, तर जुन्या डिस्कवर प्रत्यक्ष भरलेला मजकूर नव्या क्षमतेच्या फार तर पाऊण हिस्सा होईल इतका आधी कमी करावा, कारण काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते.

क्लोनपूर्वीची तयारी

घाईत असलेला माणूस नेमकी तयारीच टाळतो आणि बहुतेक नुकसान तिथेच ठरून जाते. सर्वांत आधी स्वतःची कागदपत्रे, छायाचित्रे आणि इतर महत्त्वाच्या फाईली तिसऱ्याच एखाद्या ठिकाणी, म्हणजे बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर, साठवून ठेवाव्यात. जुनी डिस्क तर शाबूतच राहणार आहे, मग वेगळा बॅकअप कशाला, असे वाटेल. पण क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. क्लोन करताना स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि काही क्षणांत पार्टिशनची नोंद पुसली जाते. एका नातेवाइकाच्या संगणकावर काम करताना माझ्यासमोर दोन्ही डिस्क एकाच क्षमतेच्या होत्या आणि पडद्यावर त्या केवळ ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ एवढ्याच नावांनी दिसत होत्या. मी थांबून संगणक बंद केला, दोन्ही डिस्कवरचे अनुक्रमांक कागदावर उतरवून घेतले आणि मगच पुढे गेलो. तेव्हापासून अनुक्रमांक लिहून घेतल्याशिवाय मी हे काम सुरू करत नाही आणि तुम्हीही करू नये असे मनापासून सांगतो.

त्यानंतर जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःच नोंदवलेली ‘स्मार्ट’ नावाची प्रकृतीची माहिती वाचून दाखवते. त्यातल्या दोन नोंदी पाहाव्यात: खराब झाल्याने बदली जागेवर हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणुकीचे छोटे तुकडे) आणि वाचता न आल्यामुळे प्रतीक्षेत असलेले सेक्टर. दुसरी संख्या शून्याहून अधिक असेल तर साधा क्लोन बहुधा मध्येच अडकेल, आणि पुन्हा पुन्हा केलेला प्रत्येक प्रयत्न मरणपंथाला लागलेल्या डिस्कला आणखी खिळखिळी करील. अशा डिस्कसाठी लिनक्सवरचे जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलून सुरक्षित करते, अडखळणाऱ्या जागा बाजूला नोंदवून ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. डिस्क निरोगी असली तरीही विंडोजमधले चेक डिस्क हे साधन एकदा चालवून फाईल सिस्टिममधल्या चुका दुरुस्त करून घ्याव्यात.

डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकर सोयीकडे विशेष लक्ष द्यावे. आजच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिस्कचे कूटबद्धीकरण आपोआप सुरू झालेले असते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. नव्या डिस्कवरून संगणक सुरू करताना अशा वेळी ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागितली जाते, आणि ती हाताशी नसेल तर काम तिथेच थांबते. म्हणून ही किल्ली आधीच शोधून कागदावर उतरवावी आणि, त्याहून चांगले म्हणजे, क्लोनपूर्वी कूटबद्धीकरण पूर्णपणे उलगडून घ्यावे. त्याला तास-दोन तास लागतील, पण पुढची अनेक विघ्ने टळतील. नव्या एसएसडीवर सर्व सुरळीत झाले की ते पुन्हा सुरू करता येते.

विंडोजमधली ‘फास्ट स्टार्टअप’ सोयही या कामापुरती बंद करावी. ती चालू असताना संगणक बंद केला तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते, आणि बाहेरून चालणारी क्लोनिंगची साधने अशा पार्टिशनला हात लावण्यास नकार देतात. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची सोय) बंद केले की फास्ट स्टार्टअप बंद होतेच, शिवाय त्यासाठी राखलेली काही जीबींची फाईलही नाहीशी होते आणि तेवढी नक्कल वाचते. सी ड्राइव्ह आकाराने लहान करायचा असेल तर हे विशेष उपयोगी पडते, कारण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन आकसवताना हायबरनेशनची फाईल, पेज फाईल (रॅम अपुरी पडल्यास वापरली जाणारी) आणि रिस्टोअर पॉइंट यांसारख्या जागेवरून न हलणाऱ्या गोष्टीच आडव्या येतात.

प्रत्यक्ष नक्कल

डेस्कटॉपमध्ये दुसरी डिस्क जोडायला जागा असते. लॅपटॉपमध्ये एकच जागा असेल तर नवी एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून बाहेरून जोडावी लागते. साटा आणि एनव्हीएमई यांच्या केस वेगवेगळ्या असतात, हे विकत घेताना विसरू नये. केस यूएसबी ३ प्रकारची असावी आणि ती त्याच प्रकारच्या पोर्टला जोडावी. जुन्या यूएसबी २ वर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास राहतो, म्हणजे २०० जीबीला दीड तासाहून अधिक वेळ लागेल. सेकंदाला १०० एमबी मिळाले तर तेच काम सुमारे ३५ मिनिटांत आटोपते. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि त्याचे झोपी जाणे सेटिंग्जमधून बंद करावे. क्लोन अर्ध्यावर असताना संगणक झोपला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

सॉफ्टवेअर कोणते वापरावे? सॅमसंगची एसएसडी घेतली असेल तर सॅमसंग डेटा मायग्रेशन मोफत मिळते, आणि क्रुशियल व वेस्टर्न डिजिटल यांच्या एसएसडींसाठी ॲक्रॉनिस ट्रू इमेजची खास आवृत्ती उपलब्ध असते. ही सर्व साधने विंडोज चालू असतानाच काम करतात, विंडोजच्या शॅडो कॉपी सोयीचा आधार घेऊन त्या क्षणाचे चित्र गोठवतात आणि त्याची नक्कल करतात. नवख्या माणसाने हाच मार्ग घ्यावा. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती एके काळी सर्रास सुचवली जाई, पण ती आता बंद झाली आहे. ज्याला कोणत्याही कंपनीच्या डिस्कवर चालणारे मुक्त साधन हवे आहे त्याने क्लोनझिला वापरावे.

क्लोनझिला पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरूनच संगणक सुरू करायचा असतो, त्यामुळे विंडोज त्या काळात पूर्ण बंद असते आणि नक्कल अधिक निर्धोक होते. त्याचे पडदे रूक्ष आहेत, पण घाबरण्यासारखे त्यात काही नाही. ‘डिव्हाइस-डिव्हाइस’ हा पर्याय घ्यावा, ‘बिगिनर’ पद्धत निवडावी, ‘डिस्क टू लोकल डिस्क’ म्हणावे आणि आधी स्रोत, मग लक्ष्य निवडावे. यादीत प्रत्येक डिस्कपुढे तिचे मॉडेल दिसते. लिहून ठेवलेला कागद इथे कामी येतो. लक्ष्य डिस्कवरचे सर्व काही पुसले जाईल, असे विचारून ते पुन्हा पुन्हा होकार मागते, आणि त्या प्रत्येक होकारापूर्वी पडद्यावरचे नाव खरोखर वाचावे. सवयीने कळ दाबणारे बोटच या कामातले सर्वांत मोठे संकट असते. क्लोनझिलाला लक्ष्य डिस्क स्रोताएवढी किंवा मोठी लागते. ती लहान असेल तर पार्टिशन आधी आकसवून विशेष पर्याय वापरावे लागतात, आणि त्यासाठी विंडोजमधून चालणारी साधने अधिक सोयीची आहेत.

पहिल्यांदा सुरू करताना

नक्कल पूर्ण झाली की संगणक पुन्हा सुरू करू नये, तो पूर्ण बंद करावा. चार्जर काढावा, लॅपटॉपची बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी आणि आतली असेल तर बायोसमधून (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधून) ती बंद करण्याची सोय आहे का ते पाहावे. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरू द्यावी. एम.२ एसएसडी सुमारे ३० अंशांच्या तिरप्या कोनात स्लॉटमध्ये सरकवायची, अलगद खाली दाबायची आणि टोकाशी छोटा स्क्रू लावायचा. तो हाताला घट्ट लागला की पुरे. जोर लावून पिळू नये.

आता सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट. पहिल्यांदा नव्या एसएसडीवरून सुरू करताना जुनी डिस्क संगणकाला जोडलेली असता कामा नये. क्लोन झालेल्या दोन्ही डिस्कवर ओळख पटवणारी अंतर्गत खूण एकच असते. दोन्ही एकदम दिसल्या तर विंडोज त्यांपैकी एकीला ऑफलाइन करते, आणि ती जबरदस्तीने ऑनलाइन केली तर तिची खूण बदलते आणि पुढे त्या डिस्कवरून संगणक सुरू होत नाही. कधी कधी तर संगणक सुरू होतो एसएसडीवरून आणि सी ड्राइव्ह म्हणून वापरला जातो जुन्या डिस्कवरचा. माणूस आठवडाभर काम करतो आणि वेग का वाढला नाही याचे कोडे सोडवत बसतो. डेस्कटॉपवर जुन्या डिस्कची साटा तार काढली तरी पुरते.

नंतर संगणक सुरू होताच एफ२ किंवा डिलीट कळीने बायोसमध्ये जावे, एसएसडी तिथे दिसते का ते पाहावे आणि बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या स्थानी ठेवावा. विंडोज सुरू झाले की डिस्क मॅनेजमेंट उघडून सी ड्राइव्ह नव्या डिस्कवरच आहे याची खात्री करून घ्यावी.

संगणक सुरू झाला नाही तर

धीर सोडू नये, जुनी डिस्क शाबूत आहे. ती परत जोडली की संगणक पूर्ववत चालेल. ‘बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर बायोस कोणत्या पद्धतीत आहे ते पाहावे. डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत: जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची असेल तर बायोसची जुनी लेगसी म्हणजेच सीएसएम पद्धत लागते, आणि जीपीटी असेल तर नवी यूईएफआय. पद्धत बरोबर असूनही संदेश येत असेल तर ईएफआय पार्टिशन क्लोन झालेले नाही किंवा त्याची नोंद बायोसला सापडत नाही. अशा वेळी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून सुरू करून दुरुस्तीच्या भागात ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे. त्यानेही न भागल्यास तिथल्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्टने ईएफआय पार्टिशनला अक्षर द्यावे आणि बीसीडीबूट या आज्ञेने बूटच्या फाईली तिथे नव्याने उतरवाव्यात.

निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हे शब्द आले तर कारण वेगळे असते: विंडोज सुरू होऊ पाहते आहे, पण नव्या डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर सुरुवातीलाच चढत नाही. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर किंवा बायोसमध्ये रेड आणि एएचसीआय या डिस्क हाताळण्याच्या पद्धतींत बदल केल्यावर असे होते. उपाय चमत्कारिक वाटेल इतका साधा आहे. दुरुस्तीच्या भागातून विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू करावे; तिथे साठवणुकीचे मूळ ड्रायव्हर चढतात, विंडोज योग्य तो ओळखून ठेवते आणि पुढच्या वेळी नेहमीप्रमाणे सुरू होते. बायोसमधली ही पद्धत विनाकारण बदलू नये, हे अर्थातच त्याहून श्रेयस्कर.

मोठ्या एसएसडीवर क्लोन केल्यावर उरलेली जागा ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसते आणि सी ड्राइव्ह वाढवण्याचा पर्याय मात्र फिकट, न वापरता येणारा असतो. याचे कारण रिकव्हरी पार्टिशन सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्या मधोमध बसलेले असते, आणि डिस्क मॅनेजमेंटला लगतचीच जागा जोडता येते. काही क्लोनिंग साधने नकलेच्या वेळीच पार्टिशनची मांडणी बदलू देतात; ते नाही जमले तर जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या साधनाच्या पेन ड्राइव्हवरून रिकव्हरी पार्टिशन शेवटी सरकवावे आणि मग सी ड्राइव्ह वाढवावा.

जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची होती आणि आता जीपीटीवर जायचे असेल, तर ते काम पहिल्यांदा यशस्वीपणे सुरू झाल्यानंतरच करावे. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी हे साधन विंडोजबरोबरच येते; ते आधी पडताळणी करते, मग डिस्कवरचा मजकूर न पुसता रूपांतर करते, आणि त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय पद्धत निवडावी लागते. एमबीआर २ टीबीच्या पलीकडची जागा वापरू शकत नाही आणि विंडोज ११ ला यूईएफआय अनिवार्य आहे, त्यामुळे हा बदल आज ना उद्या करावाच लागतो.

लिनक्स असेल तर

लिनक्समध्ये दोन मार्ग आहेत. क्लोनझिलाने पूर्ण नक्कल केली तर पार्टिशनांचे यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, तेच राहतात, म्हणून इथेही जुनी डिस्क काढूनच सुरू करावे. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो: लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करून नव्या डिस्कवर स्वच्छ पार्टिशन बनवायची आणि आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने, परवाने, हार्ड लिंक आणि विस्तारित गुणधर्म जपत, सगळ्या फाईली नेऊन ठेवायच्या. लहान डिस्कवर जाताना हा मार्ग फार सोपा पडतो, कारण फक्त फाईलीच जातात. त्यानंतर एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांच्या यादीत) नवे यूयूआयडी लिहावेत, सीएचरूट या आज्ञेने नव्या सिस्टिममध्ये शिरून लिनक्स सुरू करणारा ग्रब पुन्हा बसवावा आणि इनिट्रॅमएफएस (सुरुवातीलाच चढणारा फाईलींचा संच) नव्याने बांधावे. डेबियन किंवा उबुंटूत स्वॅप पार्टिशनचा (रॅमला पूरक जागेचा) जुना यूयूआयडी रिझ्यूमच्या, म्हणजे हायबरनेशनमधून परत येण्याच्या, सेटिंगमध्ये राहून गेला, तर सुरू होताना सिस्टिम त्या हरवलेल्या पार्टिशनची वाट पाहत अर्धा मिनिट थांबते. नवी एसएसडी घेऊनही बूट रेंगाळत असेल तर आधी तिथे पाहावे.

सुरू झाल्यानंतरची कामे

विंडोजच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ खिडकीत सी ड्राइव्हपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे लिहिलेले दिसले पाहिजे. तसे असेल तर विंडोज तिच्यावर जुन्या पद्धतीचे डीफ्रॅग करण्याऐवजी ट्रिमची आज्ञा पाठवते. कोणते भाग मोकळे झाले आहेत हे ट्रिममुळे एसएसडीला कळते आणि तिचा लिहिण्याचा वेग टिकून राहतो. लिनक्समध्ये हेच काम एफएसट्रिमचा साप्ताहिक टायमर करतो, तो चालू आहे ना एवढे बघावे. विंडोज एक्सपीच्या काळापासून चालत आलेली मांडणी असेल तर पार्टिशनची सुरुवातही तपासावी. तेव्हा पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असे, म्हणजे ३२,२५६ बाइटवर, आणि हा आकडा ४०९६ ने भागला जात नाही. परिणामी प्रत्येक लेखनात एसएसडीला दुप्पट खटाटोप पडतो. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये सुरुवातीचा आकडा १०,४८,५७६ किंवा ४०९६ ने निःशेष भागला जाणारा असला म्हणजे चिंता नाही.

एसएसडी झिजेल या भीतीने पेज फाईल बंद करणे किंवा तात्पुरत्या फाईली हार्ड डिस्कवर हलवणे, असे सल्ले अजूनही दिले जातात. ते पाळू नयेत. १ टीबीच्या अनेक एसएसडींना ६०० टीबी लेखनाची हमी असते. रोज ३० जीबी लिहिले तरी वर्षाला सुमारे ११ टीबी होतात, म्हणजे त्या हमीपर्यंत पोचायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील. ज्या वेगासाठी एसएसडी घेतली तो वेग अशा उपायांनी आपणच हिरावून घेतो. बंद केलेले बिटलॉकर मात्र आठवणीने पुन्हा सुरू करावे आणि नवी रिकव्हरी किल्ली संगणकाच्या बाहेर जपून ठेवावी.

जुनी डिस्क निदान तीन-चार आठवडे तशीच बाजूला ठेवावी. या काळात रोजचे सर्व प्रोग्राम, प्रिंटर, जुनी मेल, क्वचित लागणारी हिशेबाची फाईल असे सारे एकदा उघडून पाहावे, कारण काही राहून गेले असेल तर ते पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. त्यानंतर ती डिस्क यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपसाठी वापरता येते, मात्र जोडण्यापूर्वी संगणक सुरू झालेला असावा आणि जोडल्यावर लगेच तिच्यावरची जुनी पार्टिशन पुसून टाकावीत. ती कोणाला द्यायची असेल तर हार्ड डिस्कवर ‘क्विक’ पर्यायाची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, म्हणजे तिच्या प्रत्येक जागी शून्य लिहिले जाते. देण्याची वस्तू जुनी एसएसडी असेल तर पूर्ण फॉरमॅटवर विसंबू नये, कारण तिच्यातल्या राखीव भागांपर्यंत असे लेखन पोचत नाही. बायोसमधली किंवा उत्पादकाच्या साधनातली ‘सिक्युअर इरेज’ सोय वापरूनच ती हातावेगळी करावी.